पावसाळ्यात गुलाब का मरतो? वसई-विरारच्या अंगणात टिकणारा गुलाबी गुलाब कोणता?

जानेवारीत नर्सरीतून टपोऱ्या फुलांचं रोप आणायचं, मार्चपर्यंत त्याचे फोटो स्टेटसला ठेवायचे आणि गणपती येईपर्यंत कुंडीत नुसत्या काड्या उरायच्या. वसई, नालासोपारा, विरारमधल्या अनेक घरांत गुलाबाची गोष्ट अशीच संपते. मग "आपल्याकडे गुलाब जगतच नाही" म्हणून ती कुंडी दुसऱ्या झाडाला दिली जाते.

खरं तर वसई हा फुलांचा पट्टा. इथल्या वाड्यांमधला सोनचाफा, मोगरा आणि जास्वंद पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातात. पण त्याच बाजारातला लांब दांड्याचा गुलाब मुख्यतः नाशिक आणि पुण्याकडून येतो. असं का? आणि तरीही दारात गुलाबी गुलाब हवाच असेल तर काय करायचं? समजून घेऊया.

गुलाबाला पाऊस मारतो की ओलावा?

गुलाबाला पाणी आवडतं, पण सतत ओलं राहणं सोसत नाही. पालघरच्या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या काळात गुलाबावर दोन बाजूंनी संकट येतं.

पहिलं पानांवर. पानावर काळे, कडेला झालरीसारखे फाटलेले गोल ठिपके दिसतात, भोवतालचं पान पिवळं पडतं आणि गळतं. हा 'काळे ठिपके' नावाचा बुरशीजन्य रोग. या बुरशीचा बीजाणू रुजायला पान सलग साधारण सात तास ओलं राहावं लागतं. घाटावर सर येते, ऊन पडतं, पान सुकतं. आपल्याकडे जुलैत पान दोन-दोन दिवस सुकत नाही. फरक इथे पडतो.

दुसरं मुळांवर. पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते आणि मुळं कुजू लागतात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडली होती, ते अनेकांना आठवत असेल. अशा सखल भागात जमिनीत सपाट लावलेलं रोप वाचणं कठीणच. किनाऱ्यालगतच्या अर्नाळा, राजोडी, भुईगावच्या रेताड जमिनीत पाणी लवकर निचरतं. पण भराव टाकून उभ्या राहिलेल्या सोसायट्यांच्या आवारात ते तुंबून राहतं.

मग कोणता गुलाब लावायचा?

नर्सरीत सगळ्यात आधी नजरेत भरतो तो मोठ्या फुलाचा, लांब दांड्याचा संकरित गुलाब. आपल्या हवेत हाच सगळ्यात नाजूक ठरतो. त्यापेक्षा झुडपासारखा वाढणारा, फिकट गुलाबी, सुवासिक फुलांचा 'गावठी गुलाब' शोधा. या नावाने विकला जाणारा गुलाब बऱ्याचदा 'एडवर्ड' असतो.

गावठी म्हटलं तरी या एडवर्डचा प्रवास मोठा आहे. हिंदी महासागरातल्या रीयूनियन बेटावर, म्हणजे पूर्वीच्या 'बूर्बों'वर, शेताच्या कुंपणाला गुलाबाची झुडपं लावत. चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब यांच्या संकरातून तयार झालेलं एक झुडूप तिथे आढळलं. त्याला 'रोज एदुआर' म्हणत, आपल्याकडे त्याचा 'एडवर्ड' झाला. १८१९ च्या सुमारास त्याच्या बिया पॅरिसला गेल्या आणि त्यातून युरोपात 'बूर्बों गुलाब' हा अख्खा गट तयार झाला. हे झुडूप आधी कुठे जन्मलं, रीयूनियनवर की भारतात, यावर गुलाबाच्या अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की उष्ण आणि दमट हवा त्याला नवी नाही.

त्याचे फायदे तीन:

- वर्षातून पुन्हा पुन्हा फुलतो. अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या दमास्क गुलाबाला चांगली थंडी लागते आणि उत्तर भारताच्या मैदानात तो मुख्यतः मार्च-एप्रिलमध्येच फुलतो. वसईत त्याच्या नादी लागू नका.
- काडीपासून सहज मुळं धरतो. म्हणूनच भारतात इतर गुलाबांची कलमं बांधायला खुंट म्हणून याचा वापर होतो.
- काडीपासून वाढवलेल्या रोपाला सगळं खोड आणि मूळ स्वतःचंच असतं. कलमी रोपात सांध्याखालून खुंटाची फूट वाढते आणि वरचा गुलाब मरतो, ती भानगड इथे नाही.

एक सावधगिरी. गावठी म्हणून विकलं जाणारं प्रत्येक रोप एकाच जातीचं नसतं. त्यामुळे फूल लागलेलं रोप बघून आणि वास घेऊनच घ्या. सुवास दाट असेल, पाकळ्या मऊ असतील आणि खोडावर कलमाचा फुगवटा नसेल, तर निवड बरीचशी बरोबर आहे. हे फूल फुलदाणीत टिकत नाही, एक-दोन दिवसांत पाकळ्या गळतात. देवपूजा, वेणी, गुलकंद यांसाठी मात्र उत्तम.

लावताना काय पाहायचं?

ऊन: रोज किमान पाच-सहा तास. त्यातही सकाळचं ऊन मोलाचं, कारण रात्रीचं दव तेच सुकवतं. पूर्वेकडची गॅलरी असेल तर ती गुलाबाला द्या.

जागा: दोन रोपांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवा. भिंतीला चिकटवून लावू नका. वारा खेळला की पान लवकर सुकतं.

उंची: जमिनीत लावायचं तर आधी साधारण एक फूट उंच गादीवाफा करा. कुंडी १२ ते १४ इंचांची घ्या आणि विटांवर ठेवा, म्हणजे तळाची भोकं बंद होणार नाहीत.

माती: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड रेती. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, म्हणून ते कमीच. किनाऱ्यावरची वाळू मिसळू नका, त्यात मीठ असतं.

पाणी: सकाळी, बुंध्याशी. संध्याकाळी पानांवर फवारा मारणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

विहिरीच्या पाण्याने पानं करपतात का?

करपू शकतात. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, कारण उपसा वाढतो आणि गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खारं पाणी आत सरकतं. गुलाबाला खारं पाणी सोसत नाही. पानांच्या कडा तपकिरी होणं आणि कुंडीच्या मातीवर पांढरा थर येणं ही त्याची खूण. अशा वेळी उन्हाळ्यात नळाचं पाणी द्या. अधूनमधून भरपूर गोडं पाणी ओतून ते तळातून वाहू द्या, म्हणजे साचलेलं मीठ धुऊन निघतं.

वर्षाचं वेळापत्रक

मे अखेर: वाळलेल्या आणि आतल्या बाजूला गर्दी करणाऱ्या काड्या काढा. झुडपाचा मधला भाग मोकळा दिसला पाहिजे. खोलवर छाटणी आत्ता नको.

जून ते सप्टेंबर: खत जवळपास बंद. युरियासारख्या खताने कोवळी पालवी फुटते आणि ती लगेच रोगाला बळी पडते. ठिपक्यांची पानं तोडा आणि गळलेली रोज वेचा. बुरशी याच पानांत तग धरते, म्हणून ती खताच्या खड्ड्यात टाकू नका. रोग वाढला तर मँकोझेब दर लिटरला २ ग्रॅम, पाऊस उघडल्यावर. हातमोजे आणि मास्क घाला आणि त्या झाडाची फुलं खाण्यासाठी वापरू नका.

ऑक्टोबर: मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला माघार घेतो. तो नक्की गेला की मुख्य छाटणी करा. धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरका काप द्या. काप बोर्डो पेस्टने झाका, नाहीतर तिथून काडी वरून खाली वाळत येते. मग शेणखत किंवा गांडूळखत द्या.

छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांत फुलं येतात. नाताळला फुलं हवी असतील तर एक रोप १० नोव्हेंबरच्या आसपास छाटण्यासाठी राखून ठेवा.

डिसेंबर ते फेब्रुवारी: बहराचे दिवस. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. मावा आणि फुलकिडे दिसले तर कडुनिंबाचं तेल दर लिटरला ५ मिली, सोबत द्रव साबणाचे दोन-चार थेंब.

रीलमधले उपाय चालतात का?

बटाट्यात काडी खोचून गुलाब उगवण्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आपल्या दमट हवेत आधी बटाटा सडतो आणि मग काडी. त्यापेक्षा ऑक्टोबरच्या छाटणीतली पेन्सिलएवढी जाड, सहा ते आठ इंच लांब काडी घ्या. डोळ्याच्या खाली काप द्या, वरची दोन पानं सोडून बाकीची काढा आणि रेताड मातीत अर्ध्याहून जास्त पुरून सावलीत ठेवा. साधारण चार-सहा आठवड्यांत मुळं धरतात. एका झुडपापासून शेजारच्या चार घरांना रोपं देता येतात.

कुंडीत केळीची साल आणि दुधा-साखरेचा चहाचा चोथा टाकणंही पावसाळ्यात टाळा. मुंग्या आणि चिलटं येतात, बुरशी वाढते.

पानं गळली म्हणजे झाड मेलं का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त झाडं फुकट जातात. सगळी काळजी घेतली तरी ऑगस्टमध्ये गुलाबाची बरीच पानं गळू शकतात. तेव्हा कुंडी रिकामी करण्याआधी बुंध्याजवळच्या काडीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. त्याला फक्त कोरडी जागा आणि ऊन द्या, पाणी बेताने द्या आणि ऑक्टोबरपर्यंत थांबा. आत तपकिरी, कोरडं दिसलं तर थोडं आणखी खाली तपासा. मातीपर्यंत कुठेच हिरवं नसेल, तरच ते झाड काढा.