प्रदर्शनातला मेंढा आणि काट्यावरचा मेंढा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कितीतरी जणांच्या दारात चार-दोन बकरी बांधलेली असतात. शिफ्ट सुटली की आधी वैरण, मग जेवण. जवळच पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या जत्रेत धनगर बांधव जमले, की बोलणं हमखास मेंढ्यावर येतं. पोपटासारख्या बाकदार नाकाच्या माडग्याळी मेंढ्याला लाखांनी मागणी आली, ही बातमी तर सर्वांना पाठ आहे. "साहेब, तसला एक घ्यावा म्हणतो," असं मला एकानं विचारलं. त्याला मी विलायती गुरांची हकिकत सांगितली, तीच इथं देतो.

इंग्लंडात रॉबर्ट बेकवेल (१७२५ ते १७९५) नावाचा शेतकरी होऊन गेला. त्यानं नर-माद्या वेगळ्या ठेवून, निवडक जनावरांची जवळच्या नात्यात पैदास केली. आपले मेंढे तो हंगामापुरते भाड्यानं देई. यातली खुबी बघा: दुसऱ्याच्या कळपात कोकरं कशी निपजली ते पाहून चांगला मेंढा परत घरी आणता येई. त्याची मेंढरं लवकर भरत. पण चरबी फार आणि कोकरं कमी, अशी तक्रारही होती.

त्याची पद्धत पाहून कॉलिंग बंधूंनी शॉर्टहॉर्न गुरं सुधारली. १८१० साली त्यांचा 'कॉमेट' वळू १००० गिनींना गेला. इकडे लंडनात १७९९ पासून स्मिथफील्डचं प्रदर्शन सुरू झालं होतं. पंचांना जे आवडेल ते लोक पैदा करू लागले.

पुढं अमेरिकेत १९४० नंतर ठेंगणे, भरीव वळू प्रदर्शनात पहिले येऊ लागले. सगळ्यांनी तेच रक्त घेतलं. थोड्याच वर्षांत हेरफर्डच्या नामांकित कळपांत खुजी, न जगणारी वासरं जन्मू लागली. बटूपणाचा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच उघडा पडतो. एकाच बाजूनं आला तर देखण्या जनावरात लपून राहतो. स्कॉटलंडच्या पर्थ बाजारात १९६३ साली 'लिंडरटिस एव्हल्स' हा अँगस वळू ६०,००० गिनींना विकला गेला, आणि घेतल्यावर तो वांझ निघाला!

आता म्हणाल, आपल्याकडे गोवंशाचं हे कामच नाही. खरं आहे. गाईंच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं आणि बैल-वळूंच्या कत्तलीला २०१५ पासून राज्यात बंदी आहे. आपली खिलार जनावरं चालीवर आणि ओढीवर निवडली गेली. पण मटणाचा मेंढा निवडताना आपण तीच विलायती चूक करतो. यात मीही आलो. एका प्रदर्शनात पंच असताना नाक, मान आणि रंग पाहून मी एका मेंढ्याला पहिला नंबर दिला. काटा मांडवातच होता. तो मी वापरला नाही. पुढं त्याची कोकरं गावातल्या साध्या मेंढ्याच्या कोकरांपेक्षा हलकी भरली. मालकानं मला बोल लावला नाही, पण ते मनाला लागलं.

उसाला जसा साखर उतारा, तसा जनावराला मटणाचा उतारा. ३० किलोच्या मेंढ्यातून साधारण १४ किलो मटण पडतं. नाकाचं वेगळं वजन कोणी देत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं तर दिसण्याकडं न बघता सुंदरबनातल्या बारक्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला.

तेव्हा मेंढा घ्यायला जाताना स्प्रिंगकाटा बरोबर न्या. त्याची तीन महिन्यांची कोकरं दाखवा म्हणावं, ती तोलून घ्या. आईला जुळी झाली होती का, दूध पुरलं का, ते विचारा. दोन्ही अंड सारखी आणि टणक आहेत का, हातानं चाचपा. आणि दोन वर्षांनी, त्याच्या पाठी माजावर यायच्या आत, मेंढा बदला.