पाऱ्याचा बटन सेल व त्याचे पर्याय
* पाऱ्याचा सेल : मर्क्युरिक ऑक्साइड व जस्त यांच्या रासायनिक क्रियेवर चालणारा हा सेल जवळजवळ संपेपर्यंत १.३५ व्होल्टचा स्थिर दाब देत असल्यामुळे, १९६० व १९७०च्या दशकांतील अनेक कॅमेऱ्यांच्या प्रकाशमापकांत, म्हणजे दृश्यावरील प्रकाश सुईने दाखवणाऱ्या यंत्रणेत, दाब नियंत्रित करणारे वेगळे मंडल बसवलेलेच नसे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे अमेरिकेत १९९६च्या कायद्याने या बटन सेलची विक्री बंद झाली. त्याच मापाचा अल्कलाइन सेल सहज मिळतो, परंतु त्याचा दाब आरंभी १.५ व्होल्ट असून वापराबरोबर उतरत जातो. परिणामी नव्या सेलवर सुई प्रकाश वास्तवापेक्षा अधिक दाखवते व छायाचित्र काळवंडते, म्हणून तो टाळलेलाच बरा. श्रवणयंत्रातील ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल, जो हवेतील ऑक्सिजन घेऊन सुमारे १.४ व्होल्ट देतो, मूळ सेलच्या सर्वांत जवळचा आहे. मात्र पाऱ्याच्या ६२५ मापाच्या सेलच्या खाचेत तो सैल बसत असल्याने त्याभोवती कडी घालावी लागते, आणि वरची चिकटपट्टी काढल्यावर तो न वापरताही थोड्याच काळात निकामी होतो. १.५५ व्होल्टच्या सिल्व्हर ऑक्साइड सेलचा दाब शॉट्की डायोड जोडून उतरवता येतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेऱ्याच्या मापकात, सेलच्या दाबातील फरकाचा परिणाम वाचनावर होऊ न देणारे ब्रिज मंडल असल्यामुळे त्याला या खटाटोपाची गरज पडत नाही.