जहाज बांधायला पैसा कुणाचा?

मंडळी, पेठला समुद्र नाही आणि आजचा विषय आहे आलिशान प्रवासी जहाजं. पण शेजारच्या डांगची जंगलं इंग्रजांनी 1840च्या दशकात भाडेपट्ट्यानं घेतली ती सागासाठी, आणि साग हवा होता जहाजांना. तेव्हा आपण अगदीच परके नाही.

आधी चीनकडे बघू. 'अडोरा मॅजिक सिटी' हे तिथं बांधलेलं पहिलं मोठं क्रूझ जहाज. शांघायच्या गोदीतून ते नोव्हेंबर 2023 मध्ये बाहेर पडलं, 1 जानेवारी 2024 ला पहिल्या फेरीवर निघालं. गोदी सरकारी महामंडळाची. 2015 मध्ये अमेरिकेच्या कार्निव्हलबरोबर जी भागीदारी ठरली, तिच्यात 60 टक्के वाटा याच महामंडळाचा आणि चीनच्या सरकारी गुंतवणूक निधीचा. आराखडा मात्र इटलीचा. करोनात जगभर क्रूझ बंद पडल्या, तरी शांघायचं काम सुरू राहिलं. तिकडे जर्मनीत हाँगकाँगच्या गेंटिंग कंपनीच्या गोद्या जानेवारी 2022 मध्ये दिवाळखोरीत गेल्या, अवाढव्य जहाज अर्धवट टाकून.

मग चीननं काही नवीन केलं का? मला नाही वाटत. 1891 साली इंग्लंडात बॅरो इथं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' बांधलं गेलं, व्हँकुव्हर ते हाँगकाँग मार्गासाठी. कॅनेडियन पॅसिफिक खासगी कंपनी खरी, पण टपाल नेण्याच्या कराराखाली तिला दरवर्षी सरकारी अनुदान मिळायचं. त्या भरवशावर जहाज उभं राहिलं.

आता गंमत बघा. हेच जहाज 1914 मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतलं, युद्धात रुग्णालय म्हणून चालवलं, नाव ठेवलं 'लॉयल्टी'. 1919 मध्ये ते सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीकडे आलं. 5 एप्रिलला मुंबईहून लंडनला निघालं. आपला सागरी दिन तोच. वालचंदांमागे मात्र सरकार नव्हतं. समोर लॉर्ड इंचकेपच्या कंपन्या होत्या, टपालाचे करार त्यांच्याच खिशात. त्यांनी भाडी पाडली. 1923 मध्ये सिंदियाला समझोता करावा लागला, आणि जहाजं किती ठेवायची यावरही बंधन आलं. त्याच वर्षी 'लॉयल्टी' भंगारात गेलं.

विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी 1941 मध्ये झाली, तिथलं पहिलं जहाज 'जलउषा' 1948 मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पण इथं बांधलेलं जहाज विलायतेपेक्षा महाग पडायचं, तो फरक कुणीतरी सोसायला हवा होता. सरकारनं तो सोसला आणि 1952 मध्ये गोदीतला मोठा हिस्साही घेतला. वालचंद 1949 पासूनच आजारी होते; 1953 मध्ये गेले.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रानं जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी 69,725 कोटींची योजना मंजूर केली. क्रूझची हौस असलेल्यांसाठी सांगतो: मुंबईहून गोव्याला जे कॉर्डेलियाचं जहाज निघतं, ते 1990 मध्ये फ्रान्सच्या सेंट नझेर इथं बांधलेलं आहे. त्याचंही नाव 'एम्प्रेस'च.