वाइल्डर साहेबांनी मागं काय ठेवलं?

वाइल्डर मेमोरियल चर्च हे नाव कोल्हापुरात बहुतेकांनी ऐकलेलं असतं. माणूस मात्र फार थोड्यांना माहीत. सध्या कुठल्याही गावात चर्चचा विषय निघाला की जमीन, ट्रस्ट आणि निवडणूक यावरच बोलणं येऊन थांबतं. म्हणून आज ही जुनी गोष्ट.

रेव्हरंड रॉयल वाइल्डर १८४६ मध्ये अमेरिकेतून अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात. पत्नी एलायझा सोबत होत्या. दोघांनी इथं शाळा काढल्या. शाळा म्हणजेच सेवा, असं त्यांचं ठाम मत.

१८५४-५५ मध्ये त्यांच्या मिशन बोर्डाचे सेक्रेटरी रुफस अँडरसन बोस्टनहून हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. शाळांवरचा, त्यातही इंग्रजी शाळांवरचा खर्च कमी करा, मातृभाषेत उपदेश करा, इथलेच पाळक तयार करा. मंडळी स्वतःच्या पैशावर आणि स्वतःच्या निर्णयावर उभी राहिली पाहिजे.

आता बघा, अँडरसन यांचा विचार चुकीचा नव्हता. पण 'लोकांनी स्वतः ठरवावं' हे ठरलं कुठं? साहेबांच्या बैठकीत आणि बोस्टनच्या कचेरीत! शाळेत पोरं पाठवणाऱ्या आईबापांना तिथं आवाज नव्हता.

वाइल्डर गप्प बसले नाहीत. बोर्डाविरुद्ध त्यांनी उघड लिहिलं. शेवटी बोर्डानं कोल्हापूरचं काम सोडलं, पण वाइल्डरांनी कोल्हापूर सोडलं नाही. बोर्डाच्या पगाराशिवाय, मदत गोळा करत, त्यांनी हे काम कित्येक वर्षं चालवलं. माणूस हट्टी होता यात शंका नाही.

पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. १८७० मध्ये त्यांनी हे सगळं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या हवाली केलं. एवढं भांडून टिकवलेलं काम 'माझं' म्हणून कवटाळून बसले नाहीत.

त्याच बोर्डातर्फे १८८९ मध्ये डॉ. विल्यम वानलेस आपल्या भागात आले. १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. नुसतं नाव कमवायचं असतं तर एका सर्जनचा हात पुरेसा होता. पण १८९७ मध्ये त्यांनी तिथंच मेडिकल स्कूल काढलं आणि इथल्या पोरांना शिकवलं. आपल्यानंतर काम करणारे हात आधीच तयार केले.

मला तरी चांगल्या पाळकाची, चांगल्या पुढाऱ्याची पारख इथंच दिसते. प्रार्थना किती मोठ्यानं करतो, स्टेजवर किती हार पडतात, ते सोडा. तीन प्रश्न विचारा. त्यानं कुणाला तयार केलं? हिशोब कुणालाही बघता येतो का? आणि वेळ आली की किल्ल्या दुसऱ्याच्या हातात देतो का?

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, हे दरवर्षी पवित्र आठवड्यात ऐकतो. ऐकून घरी जातो आणि परत खुर्चीसाठी कोर्टात तारखा घेतो. हे फक्त ख्रिस्ती समाजाचं नाही हं. देवस्थान असो, तालीम असो, शिक्षण संस्था असो, दुखणं तेच आहे.

तुमच्या ओळखीत असा किल्ल्या सोडणारा कुणी असेल, तर कमेंटमध्ये जरूर सांगा. अशा माणसांची आठवण राहायला पाहिजे.