शब्दांमागचे व्हायोलिन

‘गीतरामायण’ आम्ही वर्गात शिकवतो ते काव्य म्हणून. गदिमांची शब्दकळा, वाल्मीकींशी असलेले नाते, गीतांमधील निवेदकांची योजना, हे सारे फळ्यावर येते. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या या ५६ गीतांच्या मालिकेत व्हायोलिन कोण वाजवीत होते, हे मात्र ना विद्यार्थी विचारतात, ना आम्ही सांगतो. ते प्रभाकर जोग होत.

जोगांचा जन्म १९३२ सालचा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. घरची जबाबदारी लवकर अंगावर आली आणि बारा वर्षांचा हा मुलगा पुण्यातल्या वाड्यांतून सवा रुपया व नारळ एवढ्या बिदागीवर व्हायोलिन वाजवू लागला. गजाननराव जोशी व नारायणराव मारुलकर यांच्याकडे ते गाणेही शिकले. ही गोष्ट आम्हांस कळीची वाटते. पुढे सुधीर फडके यांचे साहाय्यक, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वादक, मग स्वतंत्र संगीतकार अशी वाटचाल झाली.

आयर्लंडच्या स्टीव्ह विकहॅमने यू-टूच्या ‘वॉर’ (१९८३) या रॉक अल्बममध्ये व्हायोलिन वाजविले, आणि १९८५ साली ‘वॉटरबॉइज’मध्ये गेल्यावर त्या रॉक मंडळींनाच लोकसंगीताकडे ओढले. तिथे वाद्याने गाण्याची दिशा बदलली. जोगांचे व्हायोलिन उलट शब्दाच्या मागे गेले. त्यांच्या ‘गाणारे व्हायोलिन’मध्ये गज अक्षरांबरोबर वळतो, जोडाक्षराशी किंचित अडतो, दीर्घ स्वरावर रेंगाळतो, न उच्चारलेली ओळ ऐकू येते. ही नुसती नक्कल, असे म्हणणारे रसिक आहेत. आम्हांस ते पटत नाही. श्रोत्याला ओळ पाठ असेल तरच हा खेळ रंगतो; म्हणजे वादक इथे कवितेच्या स्मृतीवर गज फिरवीत असतो. हे काव्यवाचनच नव्हे काय? (छंदःशास्त्राच्या तासाला एखादी ध्वनिफीत लावून पाहावी, लघुगुरू समजावण्याचे निम्मे कष्ट वाचतील.)

संगीतकार जोगांविषयी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. मालती पांडे यांनी गायिलेले ‘लपविलास तू हिरवा चाफा’ त्यांचेच. २०१५ सालचा राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी ते गेले.

‘स्वर आले दुरुनी’ची चाल जोगांची, आणि शब्द यशवंत देवांचे, जे स्वतःच नामवंत संगीतकार. गाणारे सुधीर फडके, ज्यांच्या गाण्यामागे जोग वर्षानुवर्षे व्हायोलिन घेऊन बसत आले होते.