सियाचेन: नकाशा होता, रेषा नव्हती

१/ २७ जुलै १९४९. कराचीत भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी प्रतिनिधींनी युद्धविराम रेषेच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. ही रेषा एनजे ९८४२ या बिंदूपाशी संपली. पुढे केवळ ‘तेथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ अशा आशयाचे मोघम शब्द होते. त्यापलीकडचा प्रदेश तेव्हा अज्ञात होता, असा समज आढळतो. तो खरा नाही.

२/ एकोणिसाव्या शतकात मात्र सियाचेनविषयीचे ज्ञान खरोखरच तोकडे होते. १८४८ मध्ये हेन्री स्ट्रॅची नुब्रा खोऱ्यातून तिच्या मुखाशी पोहोचला. पण तिचा विस्तार त्यालाही उमगला नाही.

३/ १९०९ मध्ये टॉम लाँगस्टाफ हा इंग्रज डॉक्टर पश्चिमेकडून बिलाफोंड ला ही खिंड ओलांडून एका प्रचंड हिमनदीवर उतरला. पुढे नुब्राच्या बाजूने वर गेल्यावर ती सियाचेनच असल्याची त्याची खात्री पटली. लांबी सुमारे ७५ किलोमीटर!

४/ त्याने तेराम कांगरी शिखराची उंची २७,६१० फूट काढली. शिखराचे अंतर चुकले की उंचीही चुकते. पुढील मोजणीत ती सुमारे २४,५०० फूट ठरली.

५/ १९१२ मध्ये फॅनी बुलक वर्कमन यांच्या मोहिमेने सियाचेनचे सविस्तर सर्वेक्षण केले. मोजणीचे काम ग्रँट पीटरकिन आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे सर्जन सिंग यांनी पाहिले. चेनोझ हा इटालियन सहकारी हिमभेगेत कोसळून मरण पावला. उत्तर टोकाच्या खिंडीला वर्कमन यांनी लक्ष्मीचे एक नाव दिले: इंदिरा कोल. इंदिरा गांधींशी त्या नावाचा संबंध नाही.

६/ १९२९ मध्ये डच प्रवासी फिसर यांच्या मोहिमेत सर्व्हे ऑफ इंडियाच्या अफराज गुल खान यांनी तेरोंग या उपहिमनद्यांचेही नकाशे तयार केले.

७/ म्हणजे १९४९ मध्ये सियाचेन कागदावर होती. तिच्यावर रेषा ओढण्याची निकड मात्र कोणाला भासली नाही. निर्मनुष्य बर्फासाठी कोण लढणार? १९७२ ची नियंत्रण रेषाही त्याच बिंदूशी थांबली.

८/ पुढे ‘उत्तरेकडे’ या एका शब्दाचे दोन अर्थ निघाले. भारताच्या मते रेषा साल्तोरो रांगेवरून जाते. पाकिस्तानने ती ईशान्येला काराकोरम खिंडीकडे वळवली. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले. तेव्हापासून तेथे गोळीपेक्षा थंडी, उंची आणि हिमप्रपात यांनीच अधिक सैनिक गमावले गेले. सर्वेक्षकांनी आपले काम केले होते. अपुरे राहिले ते करारातील वाक्य.