नाव टाकलं, पण सापडलं का? : इगोसर्फिंगची गोष्ट, धर्माबादहून

आजचा विषय ऐकून जरा हसू येईल. स्वतःचंच नाव इंटरनेटवर शोधणं! खरं सांगा, कधी ना कधी केलंयच ना? घरात कुणी नसताना गूगलवर नाव टाकायचं आणि काय निघतंय ते बघायचं. इंग्रजीत याला एक शब्द आहे, इगोसर्फिंग. अहंकाराच्या लाटेवर स्वार होणं म्हणा हवं तर.

हा शब्द गूगलपेक्षा जुना आहे. मार्च १९९५ मध्ये ‘वायर्ड’ मासिकाच्या ‘जार्गन वॉच’ या सदरात तो पहिल्यांदा छापून आला. सदर चालवायचे गॅरेथ ब्रॅनविन आणि शब्द काढला होता शॉन कार्टन यांनी. गूगल कंपनी निघाली १९९८ ला. आणि आपल्याकडं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या डायल-अपवर, तेही मोजक्या मोठ्या शहरांत. म्हणजे इंटरनेटवर नाव शोधणाऱ्याची थट्टा करणारा शब्द आपल्या इंटरनेटच्या पाच महिने आधीच तयार होता.

थट्टा पुढं ओसरली. अमेरिकेतल्या प्यू संस्थेनं २००२ मध्ये विचारलं तेव्हा इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी २२ टक्के लोकांनी स्वतःचं नाव शोधल्याचं कबूल केलं होतं, २००७ मध्ये ४७ टक्क्यांनी. नोकरी देणारा नाव टाकून बघणारच, मग आपणच आधी बघितलेलं बरं, असा साधा व्यवहार त्यात आला.

आता आपण धर्माबादला येऊ. नांदेड जिल्ह्याचं शेवटचं टोक, लाल मिरचीचा बाजार, मनमाड-सिकंदराबाद लाईनवरचं स्टेशन. पुढं सीमा ओलांडली की बासर, म्हणजे तेलंगणा. आधी गावाचंच नाव शोधून बघा. बाभळी बंधाऱ्याच्या वादात जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडूंना इथं अडवून ठेवलं होतं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये इथल्याच कोर्टानं त्यांच्या नावे वॉरंट काढलं, ते समोर येतं. मिरची मागं राहते.

पण इथला माणूस स्वतःचं नाव शोधतो तेव्हा त्यात इगो कुठं असतो? तो यादी बघत असतो. २४ फेब्रुवारी २०२० ला महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी आली, राज्यातल्या फक्त ६८ गावांची. पुढच्या याद्या येत गेल्या तशी “आपलं नाव आलं का?” ही विचारणा मराठवाड्यातल्या गावागावांत सुरू झाली. दोन लाखांपर्यंतचं कर्ज फिटणार की नाही, हे त्या एका ओळीवर होतं. सातबारा ऑनलाइन बघायचा तर तिथंही पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव टाकायची सोय आहे, देवनागरीत. वेलांटी चुकली की वावर गायब!

आणि इथंच खरी गोष्ट सुरू होते. इगोसर्फिंग या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे माणसाला एकच नाव असतं आणि ते एकाच तऱ्हेनं लिहिलं जातं. आपल्याकडं तसं कधी होतं?

मराठी इंटरनेटचा सुरुवातीचा काळ आठवा. वर्तमानपत्रांच्या साइटवर बातमी वाचायची तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण आत साठवलेलं असायचं भलतंच रोमन अक्षर नाहीतर चिन्ह. प्रत्येक फॉन्टचा हिशेब वेगळा. शोधयंत्राला ते गबाळ काय कळणार? एखाद्याचं नाव बातमीत ठळक छापलेलं असलं तरी शोधून सापडायचं नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण सगळ्या साइट तिकडं वळायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. मला तर वाटतं, त्या काळातलं बरंच मराठी लिखाण कायमचं हरवलं आणि त्याबरोबर त्यातली माणसंही.

पण धर्माबादचा पेच त्याहून जुना आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, आणि सरकारी दफ्तर उर्दूत. घरात मराठी, हिशेबात मोडी, दफ्तरात उर्दू. उर्दूत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. काळे लिहिले की काले होतात. कदमांचं तर क, द, म एवढंच उरतं, पुढं वाचणाऱ्याची मर्जी. शिवाय आडनाव असेलच असं नाही. ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढ्यावर नोंद संपते.

सीमेपलीकडं आणखी निराळी रीत. आपल्याकडं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी, आणि तेही बऱ्याचदा नुसत्या एका अक्षरात. सीमेवर सोयरिकी होतात, शिक्षणासाठी-धंद्यासाठी पोरं निजामाबाद-हैदराबादला जातात. मग एकाच माणसाचं नाव इकडच्या कागदावर तीन शब्दांचं आणि तिकडच्या कागदावर इनिशियलचं. आधार आल्यावर (पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं) हे सगळं एका ओळीत बसवायची वेळ आली. रोमनमधून देवनागरी करताना मशीननं पुन्हा आपली अक्कल चालवली, तो भाग निराळाच.

बायकांचं तर विचारूच नका. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं मतदार यादीतून गाळावी लागली. कारण? त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी होत्या आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या धरल्या नाहीत. यातल्या बहुतेक स्त्रिया उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण लग्नानंतर नाव बदललेली आपल्याकडची बाई आजही यादीत बघताना माहेरचं नाव टाकू की सासरचं, इथंच अडते. आणि नुसतं नाव असून भागत नाही, ते टिकावंही लागतं. २०१४ च्या लोकसभेला मुंबई-पुण्यात मतदानाच्या दिवशी कितीतरी जणांना यादीत आपलं नावच मिळालं नाही. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

अलीकडचा सगळ्यात मोठा नावशोध मात्र मराठवाड्यातच झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय, तर निजामकाळातल्या कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद शोधायची. आरक्षण कुणाला, कसं, हा वाद आजच्या भागात नको. आपण फक्त शोधाकडं बघू. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळेची रजिस्टरं असं सगळं बाहेर निघालं. ऑक्टोबरअखेर सरकारनं आकडा सांगितला: पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले, कुणबी नोंदी मिळाल्या ११,५३०. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढवल्या गेल्या, आणि लोक मोबाइलवर त्या उघडून बसले.

पण तिथं स्वतःचं नाव टाकून काही निघत नाही. हवं असतं पणजोबाचं नाव, आणि ते घरात कुणाला धड आठवत नाही. आठवलं तरी स्कॅन म्हणजे नुसतं चित्र. त्यात शोध चालत नाही, आणि अक्षर मोडी नाहीतर उर्दू. म्हणून तहसीलमध्ये मोडी वाचणारा, उर्दू जाणणारा माणूस शोधावा लागला. तो पानावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचतो, “…वल्द…”, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतं, थांबा, हे परत वाचा बरं.